व्हीसीआरच्या पडद्यावरची अक्षरं: कुठली कोणाची आणि कुठली सेटिंग्ज कामाची

लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायच्या म्हणून बऱ्याच घरांत माळ्यावरचे व्हीसीआर खाली येताहेत. नवं यंत्र आता मिळत नाही. व्हीएचएस यंत्रं बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिनंही जुलै 2016 मध्ये ती बनवणं थांबवलं. त्यामुळे घरात असेल, नातेवाइकांकडे असेल किंवा जुन्या बाजारात सापडेल तेच यंत्र, आणि त्याचं माहितीपुस्तक बहुधा केव्हाच रद्दीत गेलेलं. मेनूचं बटण दाबलं की इंग्रजी लघुरूपांची लांबलचक यादी समोर येते आणि माणूस बिचकतो.

बिचकायचं कारण नाही. त्या यादीतलं निम्म्याहून अधिक सामान रेकॉर्डिंगसाठी आहे, आणि रेकॉर्ड करण्याजोगं त्या यंत्रापर्यंत आता काही पोचतच नाही. कॅसेट नीट दिसावी, नीट ऐकू यावी आणि तिची स्वच्छ प्रत निघावी, एवढ्यासाठी चार-पाच सेटिंग्ज पुरतात. फक्त त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: पडद्यावर जी अक्षरं दिसतात ती लिहितं कोण?

अक्षरं लिहिणारे तिघं

पहिला टीव्ही. आवाज वाढवला की खाली सरकणारी पट्टी, इनपुट बदलला की कोपऱ्यात येणारं 'एव्ही', ही टीव्हीची स्वतःची करामत. दुसरा व्हीसीआर. 'प्ले', 'स्टॉप', काउंटरचे आकडे, निळ्या पार्श्वभूमीवरचा मेनू, हे त्याचं. आणि तिसरी खुद्द कॅसेट. कॅमेऱ्यावर तारीख चालू ठेवून शूटिंग केलं असेल तर कोपऱ्यातली ती तारीख चित्राचाच भाग होऊन टेपवर बसलेली असते. ती कुठल्याही मेनूतून जात नाही. कॅसेटवरून काढलेल्या कॅसेटमध्ये सुरुवातीला काही सेकंद 'प्ले' असा शब्द दिसतो आणि तुमच्या यंत्राची अक्षरं बंद केली तरी हटत नाही, त्याचंही उत्तर हेच. प्रत काढणाऱ्याच्या व्हीसीआरची अक्षरं तेव्हा चालू राहिली होती. आता ती तुमच्या टेपवर कायमची छापली गेली आहेत.

व्हीसीआर अक्षरं कशी काढतो? आपल्याकडच्या पाल या रंगीत टीव्हीच्या पद्धतीत चित्र 625 आडव्या रेषांचं असतं आणि अशी 25 चित्रं दर सेकंदाला येतात. प्रत्येक रेषेच्या सुरुवातीला 'आता नवी रेषा' असं सांगणारा एक बारीकसा विजेचा ठोका असतो. व्हीसीआरमधली अक्षरांची चिप हे ठोके मोजत बसते. अमुक क्रमांकाची रेषा आली, ठोक्यानंतर अमुक इतका वेळ गेला, की तेवढ्या क्षणापुरतं टेपवरचं चित्र बाजूला सारून तिथे पांढरा ठिपका घालते. असे ठिपके जुळून शब्द होतो. कॅसेट चालू नसेल तेव्हा ठोके येणार कुठून? मग यंत्र स्वतःच ठोके तयार करतं आणि मागे सपाट निळा रंग भरतं. मेनू निळ्या पडद्यावर दिसतो तो त्यामुळे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, व्हीसीआरची अक्षरं तारेतून चित्राबरोबरच बाहेर पडतात. टीव्हीला किंवा संगणकाला ती वेगळी ओळखता येत नाहीत. म्हणून प्रत काढताना ती बंद करावी लागतात. दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची आहे. निळा मेनू पूर्णपणे यंत्राच्या पोटात तयार होतो, त्यात टेपचा आणि ती वाचणाऱ्या हेडचा काहीही संबंध नाही. म्हणजे बिघाड कुठे आहे हे शोधायला तुमच्या हातात एक आयती कसोटी आहे, तीही फुकट.

कॅसेट बाहेर काढा आणि मेनू उघडा. अक्षरं कडक, निळा रंग सपाट, पण कॅसेट घातली की मुंग्याच मुंग्या? मग तारा आणि टीव्ही ठीक आहेत; दोष हेडमध्ये, टेपमध्ये नाहीतर ट्रॅकिंगमध्ये, म्हणजे हेड टेपवरच्या पट्ट्यांशी जुळण्यात, शोधा. मेनूतच मुंग्या किंवा सावल्या दिसताहेत? मग टेपला दोष देऊ नका, तार, पिन किंवा जोडणी बघा. निळ्याऐवजी राखाडी दिसतंय? रंग टीव्हीपर्यंत पोचत नाहीये, म्हणजे रंगपद्धतीची गडबड, नाहीतर तार चुकीच्या भोकात. आता कॅसेट चालू करा. चित्राबरोबर व्हीसीआरचा 'प्ले' शब्दही डुलत असेल तर टेपवरचे ठोकेच डळमळीत आहेत, कारण आता चिप टेपचे ठोके मोजते आहे. त्याच वेळी टीव्हीची आवाजाची पट्टी मात्र स्थिर असेल. दुरुस्तीवाल्याकडे यंत्र उचलून नेण्याआधी एवढं बघितलं तरी निम्मं निदान घरीच होतं.

मेनू उघडतच नाही तेव्हा

बहुतेक यंत्रांत मेनूचं बटण फक्त रिमोटवर असतं. पुढच्या पट्टीवर प्ले, स्टॉप, रिवाइंड एवढंच. रिमोट हरवला असेल तर त्या कंपनीचे कोड असलेला युनिव्हर्सल रिमोट घ्या, किंवा ज्या फोनमध्ये इन्फ्रारेड आहे अशा फोनवरच्या रिमोट ॲपमध्ये शोधा. 1980च्या दशकातल्या अनेक यंत्रांना पडद्यावरचा मेनू नव्हताच. झाकणाखाली चॅनेल जुळवायची इवली चाकं असायची. तसं यंत्र असेल तर हा भाग सोडून द्या.

टीव्ही योग्य इनपुटवर आहे का, हे बघायचं अनेकदा राहून जातं. पिवळी तार चित्राची, पांढरी-लाल आवाजाची. नव्या पातळ टीव्हींना बऱ्याचदा ही तीन भोकं नसतात, हेडफोनसारखं एकच असतं आणि त्यासाठी वेगळी तार लागते. ही तार दिसायला सगळीकडे सारखी, पण आत जोडणीचा क्रम कंपनीगणिक वेगळा. पिवळ्यातून नुसती घरघर ऐकू आली तर तीन पिना आळीपाळीनं बदलून बघा.

यंत्र कुठल्याच बटणाला दाद देत नसेल तर पट्टीवर घड्याळाचं छोटं चिन्ह दिसतंय का बघा. कधीतरी कोणीतरी टायमर लावून ठेवला असेल. टायमर चालू असताना बरीच यंत्रं बाकीची बटणं ऐकत नाहीत. टायमरचं बटण दाबून तो उतरवला की यंत्र शुद्धीवर येतं. पावसाळ्यात आणखी एक नाटक असतं. आतल्या फिरत्या ड्रमवर दमट हवेनं दव धरलं तर टेप त्याला चिकटू शकते, म्हणून अनेक यंत्रांत दव ओळखणारा सेन्सर असतो. तो जागा झाला की पडद्यावर किंवा पट्टीवर 'ड्यू' असा इशारा येतो आणि यंत्र कॅसेट फिरवायचं नाकारतं. मारून मुटकून चालवू नका. वीज चालू ठेवून तास-दोन तास तसंच राहू द्या, आतल्या उबेनं ते सुकतं.

दमटपणाचा विषय निघालाच आहे तर: कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरट ठिपके किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी आहे. मुंबईत आणि कोकणात हे फारच होतं. अशी कॅसेट यंत्रात घातली की बुरशी हेडवर जाते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटवर. ती आधी साफ करून घ्या, मग बाकीचं. आणि कॅसेटच्या कण्यावरचा, डाव्या टोकाचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा अजून शाबूत असेल तर तोडून टाका. तो नसला की यंत्र त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग करत नाही. मेनूत चाचपडताना चुकून 'रेक' दाबलं जाणं अगदी शक्य आहे, आणि मंगलाष्टकांवर निळा पडदा रेकॉर्ड झाला तर तो परत उलटवता येत नाही.

रंगपद्धत: ऑटोवर विसंबू नका

मेनूत 'कलर सिस्टिम' किंवा नुसतं 'सिस्टिम' असं काही असेल तर तुमचं यंत्र मल्टिसिस्टिम आहे, म्हणजे एकाहून अधिक रंगपद्धतींच्या कॅसेट चालवणारं. आखातातून आणलेली यंत्रं बहुतेक अशीच असायची, कारण तिकडे शेजारशेजारच्या देशांत पद्धती वेगळ्या होत्या: सौदी अरेबियात सेकॅम, अमिरातीत पाल. कोकणातल्या कितीतरी घरांत पहिला व्हीसीआर असा बोटीनं किंवा विमानानं आला.

इथे झालेल्या शूटिंगच्या कॅसेटसाठी पर्याय एकच, पाल. यंत्र 'ऑटो'वर असेल तर ते टेप बघून स्वतः ठरवतं, आणि चांगल्या टेपवर बरोबर ठरवतं. पण जुन्या, क्षीण टेपवर त्याचा गोंधळ होतो आणि मधूनच चित्र काळं-पांढरं पडतं. रंग येतोय-जातोय असं दिसलं की ऑटो काढा आणि पाल नक्की करून टाका. काही कॅसेटचा रंग एवढ्यानंच परत येतो.

अमेरिकेतल्या आत्यानं पाठवलेली कॅसेट वेगळी. ती एनटीएससी पद्धतीची, 525 रेषा आणि सेकंदाला साधारण 30 चित्रं. तिच्यासाठी मेनूत दोन नावं दिसतील, 'एनटीएससी 3.58' आणि 'एनटीएससी 4.43'. हे आकडे मेगाहर्ट्झमध्ये आहेत, रंगाची माहिती ज्या लहरीवर बसून जाते तिची वारंवारता. 3.58 ही खरी अमेरिकी पद्धत. 4.43 ही तडजोड: रेषा अमेरिकी, पण रंगाची लहर पालच्या वारंवारतेवर आणलेली, म्हणजे इकडच्या टीव्हींना रंग ओळखता यावा. नुसतं टीव्हीवर बघायचं असेल तर ज्याच्यावर रंग नीट दिसतील ते ठेवा. संगणकावर उतरवायचं असेल तर 3.58 निवडा आणि संगणकातल्या सॉफ्टवेअरमध्येही एनटीएससी सांगा, कारण यूएसबीची स्वस्त उपकरणं मधल्या तडजोडीच्या सिग्नलवर हमखास अडखळतात.

निळा पडदा आणि ट्रॅकिंग

माझ्या मते मेनूतली सगळ्यात दुर्लक्षित ओळ 'ब्लू बॅक' ही आहे. टेपवरचा सिग्नल फारच कमकुवत झाला की मुंग्यांचा त्रास नको म्हणून यंत्र चित्र झाकून निळा पडदा टाकतं. नव्या कॅसेटच्या काळात ही सोय होती. तीस वर्षांच्या कॅसेटवर हीच सोय घात करते: थरथरत का होईना, आजोबांचा चेहरा ओळखू येत असतो आणि यंत्र परस्पर ठरवतं की हे बघण्यालायक नाही. ब्लू बॅक बंद करा. मुंग्या दिसतील, पण त्यांच्यामागचं चित्रही दिसेल.

आता ट्रॅकिंग. पालच्या व्हीएचएसमध्ये टेप सेकंदाला जेमतेम 2.34 सेंटिमीटर पुढे सरकते, पण हेड बसवलेला ड्रम मिनिटाला 1500 फेऱ्या मारतो आणि टेपवर तिरप्या, अतिशय अरुंद पट्ट्यांमध्ये चित्र लिहितो. नेहमीच्या एसपी वेगात एकेक पट्टी साधारण 49 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. एलपी या निम्म्या वेगात त्याच्या निम्मी. वाचताना हेड बरोबर त्याच पट्टीवरून जायला हवं. टेपच्या खालच्या कडेला ठराविक अंतरावर खुणेचे ठोके लिहिलेले असतात, त्यावरून यंत्र अंदाज बांधतं. पण एका यंत्रावर लिहिलेली पट्टी दुसऱ्या यंत्राला किंचित सरकलेली वाटते, आणि मग चित्रावर मुंग्यांचे आडवे पट्टे येतात.

कॅसेट घातल्यावर ऑटो ट्रॅकिंग आपोआप जुळवाजुळव करतं. तेव्हा पडद्यावर तशी सूचनाही येते. पट्टे राहिलेच तर चित्र चालू असताना ट्रॅकिंगची किंवा चॅनेलची अधिक-उणे बटणं सावकाश दाबा. पट्टा वर किंवा खाली सरकत पडद्याबाहेर जाईल तिथे थांबा. एकाच कॅसेटवर वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचं शूटिंग असेल तर हे प्रत्येक तुकड्याला नव्यानं करावं लागतं. चित्र थांबवल्यावर ते वर-खाली उडत असेल तर त्यासाठी वेगळं सेटिंग असतं, 'व्ही-लॉक' किंवा नुसतंच थांबलेल्या चित्रावर तीच बटणं. मात्र चित्र फार वेळ थांबवून ठेवू नका. टेप उभी असली तरी हेड फिरतच असतं आणि त्याच जागेवर घासत राहतं. म्हणूनच काही मिनिटांनी यंत्र स्वतःहून थांबतं.

एका कॅसेटवर दोन आवाज

इथे खरी गंमत आहे. व्हीएचएस टेपवर आवाज दोन ठिकाणी असू शकतो. एक जुना, साधा आवाज टेपच्या वरच्या कडेला, सरळ पट्टीत. टेपचा वेग गाण्यांच्या साध्या ऑडिओ कॅसेटच्याही निम्मा, त्यामुळे हा आवाज दबलेला आणि सूं-सूं करणारा. दुसरा हायफाय आवाज 1984च्या सुमाराला आला. तो फिरत्या ड्रमवरची वेगळी हेडं लिहितात, आणि चित्राच्याच पट्ट्यांखाली, टेपच्या थरात थोडा खोल. ऐकायला फारच स्वच्छ, पण ट्रॅकिंग जरा चुकलं की फट्फट्, भुर्र असे आवाज करणारा.

मेनूत 'ऑडिओ' किंवा रिमोटवर 'ऑडिओ मॉनिटर' असेल तर तिथे हायफाय, नॉर्मल आणि मिक्स असे पर्याय मिळतात. यंत्र जमेल तेव्हा हायफाय वाजवतं आणि तो तुटला की नॉर्मलवर उडी मारतं. ही ये-जा ऐकवत नाही. अशा वेळी सरळ नॉर्मल नक्की करा: आवाज साधा येईल, पण अखंड येईल.

आता लग्नाची कॅसेट घ्या. आपल्याकडे स्टुडिओवाले 'मिक्सिंग' करताना मूळ आवाज काढून त्यावर सनई किंवा सिनेमातली गाणी चढवायचे. हे 'ऑडिओ डब' वापरून त्याच टेपवर केलं असेल तर नवीन गाणं फक्त कडेच्या साध्या पट्टीवर लिहिलं जातं. हायफाय आवाज चित्राखाली गाडलेला असल्यामुळे चित्र न पुसता तो बदलताच येत नाही. म्हणजे टेप मुळात हायफाय यंत्रावर रेकॉर्ड झालेली असेल, तर गाण्याखाली गुरुजींचे मंत्र, मावश्यांच्या गप्पा, कोणाचं तरी 'अरे, फोटोग्राफरला बोलवा', हे सगळं अजून शाबूत असण्याची शक्यता आहे. बहुतेक कॅमेरे फक्त साधा आवाज घ्यायचे, त्यामुळे दर वेळी खजिना सापडेल असं नाही. पण दोन्ही पर्याय लावून बघायला मिनिटभर लागतं, आणि त्यासाठी यंत्र हायफायवालं हवं.

काउंटर, आणि बाकीचं भराभर

पडद्यावरचा तास-मिनिट-सेकंदाचा काउंटर टेपवर लिहिलेला नसतो. तो रिक्षाच्या मीटरसारखा आहे: तुम्ही कुठे बसलात हे त्याला ठाऊक नाही, बसल्यापासून किती झालं तेवढंच सांगतो. कॅसेट आत गेली की तो शून्यावर येतो, मग टेप मधोमध का असेना. म्हणून जागा नोंदवायची असेल तर आधी पूर्ण रिवाइंड करा. हा काउंटर खालच्या कडेचे खुणेचे ठोके मोजतो; कोरी टेप आली की ठोके नसतात आणि आकडे जागच्या जागी थांबतात. यंत्र बिघडलं असं समजू नका, फास्ट फॉरवर्ड करून पुढे काही आहे का बघा. जुन्या लेबलांवर '0450 पासून सप्तपदी' असं चार आकडी काही लिहिलेलं असेल तर ते मिनिटं-सेकंद नव्हेत. तो काळ चाकाचे वेढे मोजणाऱ्या काउंटरचा, आणि वेढ्यांचं गणित प्रत्येक यंत्राचं वेगळं. 'इंडेक्स' नावाची सोय असेल तर ती वापरा: प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला यंत्र खुणेच्या ठोक्यांतच एक निशाणी घालून ठेवायचं, आणि इंडेक्स शोध त्या निशाणीवर जाऊन थांबतो.

'रिमेन' म्हणजे उरलेला वेळ. तो खरा यावा म्हणून मेनूत टेपची लांबी सांगावी लागते. ई-180 म्हणजे पालच्या एसपी वेगात तीन तास, एलपीत सहा. अमेरिकी टी-120चे दोन तास एनटीएससीचे आहेत.

एसपी-एलपीची निवड रेकॉर्डिंगपुरती. बघताना यंत्र वेग आपोआप ओळखतं. ट्यूनर, चॅनेल स्कॅन, बी/जी की डी/के हे आवाजाचे पर्याय, सगळं सोडून द्या, दूरदर्शनचे बहुतेक ॲनालॉग मनोरे बंद झाले आहेत. घड्याळ 12:00 वर लुकलुकत असेल तर खुशाल लुकलुकू द्या. वीज गेली की ते विसरायचं आणि टायमर बोंबलायचा, हे दुखणं टायमर होता तोवर. तरीही कोणाला तारीख-वार जुळलेला बघायचाच असेल आणि यंत्र चालू वर्ष घेत नसेल, तर 28 वर्षं मागचं साल घाला. 2026 साठी 1998. वार बरोबर जुळतात.

प्रत काढताना

'ओएसडी' किंवा 'ऑन स्क्रीन' ऑफ करा. नाहीतर दर वेळी थांबवल्यावर-चालवल्यावर 'प्ले' शब्द प्रतीत जाईल, आणि मग तुमच्या नातवंडांनाही तो पुसता येणार नाही. काही यंत्रांत अक्षरं बंद करण्याची सोय नसते. तिथे प्ले दाबून अक्षरं मावळेपर्यंत थांबा, थोडं रिवाइंड करायचा मोह टाळा आणि कॅसेट सलग चालू द्या. 'पिक्चर कंट्रोल' असेल तर 'शार्प' नको. तो कडा उठावदार करताना मुंग्याही उठावदार करतो. 'एडिट' असेल तर तो घ्या, प्रत काढण्यासाठीच आहे. नसेल तर 'नॉर्मल'. 'टीबीसी' असं काही दिसलं तर तुम्ही नशीबवान: डुलणाऱ्या रेषा सरळ करून बाहेर पाठवणारी ही सोय महागड्या यंत्रांतच असायची. ती चालू ठेवा, आणि एखाद्या फारच खराब टेपवर चित्र उड्या मारू लागलं तर तेवढ्यापुरती बंद करून बघा.

संगणकातल्या सॉफ्टवेअरमध्ये पाल, 720 बाय 576 ठिपके, सेकंदाला 25 चित्रं असं निवडा. टीव्हीवर ठीक दिसणारी कॅसेट संगणकावर उतरवताना 'कॉपी करायला मनाई' असा संदेश येऊ शकतो. घरच्या कॅसेटवर कसलंही कुलूप नसतं; क्षीण, वेडावाकडा सिग्नल बघून यूएसबीचं उपकरण त्याला कुलूप समजतं. त्याच्यावर उपाय मेनूत नाही, दुसरं उपकरण किंवा दुसरा व्हीसीआर लावून बघावं लागतं.

संगणकावर चित्राच्या अगदी तळाला थरथरणारी एक बारीक पट्टी दिसेल. ती बिघाड नव्हे. ड्रमवरचं एक हेड वाचणं सोडतं आणि दुसरं सुरू करतं, त्या बदलाची ती जागा. जुन्या टीव्हींच्या चौकटीखाली ती झाकली जायची, म्हणून आपण तेव्हा कधी पाहिली नाही. कापायचीच असेल तर उतरवून झालेल्या फाइलची दुसरी प्रत करा आणि तिच्यावर कापा. पहिली फाइल आहे तशी राहू द्या.